गौरी जाईपर्यंत

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी टेलिफोन खात्याने दौलत कुदळेला परत कामावर बोलावलं. तो तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. मोबाईलचे टॉवर सैन्याने ताब्यात घेतले होते. लोकांकडे फोन होते, पण त्यांचा उपयोग घड्याळ बघण्यापुरता उरला होता. डोंबिवलीच्या रस्त्यांखाली मात्र तांब्याच्या तारा अजून पडून होत्या. कुठली तार कुठल्या खांबावर निघते आणि कुठल्या इमारतीच्या जिन्याखाली तिचा डबा आहे, हे कागदावर धड कुठेच नव्हतं. दौलतच्या डोक्यात होतं.

"कुदळे काका, तुम्ही नसतात तर आम्हाला अख्खं गाव खणावं लागलं असतं," असं एक्स्चेंजमधली वल्लरी पहिल्याच दिवशी म्हणाली. ती तिथली इंजिनीअर होती, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. दौलत नुसता "हं" म्हणाला आणि सायकलला पिशवी अडकवून निघाला.

तो असाच बोलायचा. पहिल्या वर्षीच्या हिवाळ्यात त्याची मुलगी ऐश्वर्या गेली होती. ती सैन्यात नर्स होती, जखमींना घेऊन येणाऱ्या गाडीवर तिची नेमणूक होती. टॉवर तेव्हा चालू होते, त्यामुळे बातमी मोबाईलवरच आली. एका माणसाने अतिशय सभ्य आवाजात नाव, हुद्दा, तारीख सांगितली. दौलतने सगळं ऐकून घेतलं आणि "बरं, आभारी आहे," असं म्हणून फोन ठेवला. हेमा, त्याची बायको, समोरच कोथिंबीर निवडत बसली होती. त्या दिवसापासून दौलतच्या आत काहीतरी बंद पडलं. तो रडला नाही, चिडला नाही, त्याला झोप लागायची आणि भूकही लागायची. सगळ्या गावाला फोन जोडून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र हेमाने फोन येऊ दिला नाही, आणि त्यानेही कधी आग्रह केला नाही.

तिसरं वर्ष उजाडलं. ते शेवटचं ठरणार आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तरी विश्वास बसला नसता. लोकांना युद्धाची सवय झाली होती. खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावलेला, तो आता कडांना सुटायला लागला होता आणि नवीन कुणी लावत नव्हतं. मानपाड्याच्या पुढच्या कारखान्यांत जिथे साड्यांचे रंग बनायचे तिथे आता फक्त एकच रंग बनत होता, गणवेशाचा, आणि जवळच्या नाल्याचं पाणी कायम शेवाळी वाहायचं. गॅस महिन्यातून दहा दिवस मिळायचा. दौलतच्या सोसायटीत गच्चीवर सगळ्यांची मिळून एक चूल पेटायची आणि हेमा तिथे चाळीस माणसांचा भात टाकायची. वैशाखात खाडीपलीकडे तेलाच्या टाक्या पेटल्या. चार दिवस सूर्य तांबूस दिसत होता. पहिल्या दिवशी लोक गच्चीवर जाऊन बघत होते, चौथ्या दिवशी त्याच धुराखाली वाळवणं घालत होते. ठाण्याला टेंभी नाक्यावर दहीहंडीला त्या वर्षी जेमतेम तीनच थर लागले, कारण वर चढायला पोरं होती, खाली खांदा द्यायला नव्हती.

दौलत सकाळी नऊला एक्स्चेंजमध्ये जायचा, वल्लरीकडून चिठ्ठ्या घ्यायचा. एका चिठ्ठीवर एक बंद पडलेला फोन. काहींवर निळा गोल शिक्का असायचा. "शिक्क्याची आधी करा, काका," वल्लरी सांगायची. "वरून आलीये."

तो शिक्का कशाचा हे त्याला पहिले दोन महिने कळलं नव्हतं. मग एकदा पाथर्लीजवळच्या एका घरात त्याने फोन चालू केला, एक्स्चेंजला तसं कळवलं, तिथल्या बाईंनी हातावर गूळ ठेवला तो खाल्ला, आणि जिना उतरत असतानाच वर घंटी वाजली. तो खालच्या फाटकापर्यंत पोचायच्या आत बाईंचा आवाज आला. दौलतने मान वर केली नाही. सायकलचं कुलूप काढलं आणि पुढच्या चिठ्ठीवर गेला. दुसऱ्यांदा तसंच झालं, तिसऱ्यांदा झालं, तेव्हा त्याला उमगलं. सैनिकांच्या घरी बातमी द्यायची असेल आणि तिथला फोन लागत नसेल, तर ती चिठ्ठी शिक्का घेऊन येत होती. मोडकी तार तो नीट करायचा आणि त्या तारेतून मरण घरात शिरायचं.

त्याने वल्लरीला विचारलं, "तुला माहितीये ना हे?"

ती म्हणाली, "माहितीये, काका. नाही केलं तर दहा दिवसांनी पत्राने कळेल. त्यापेक्षा..." आणि तिने पुढची चिठ्ठी त्याच्याकडे सरकवली.

दौलत शिक्क्याची घरं पटपट उरकायला शिकला. चहा नको म्हणायचा, पाणीही नको म्हणायचा, आणि घंटी वाजायच्या आत गल्लीचं टोक गाठायचा. त्या वर्षात त्याने अशी चाळीसेक घरं केली. आपल्याला काही वाटत नाही, याचं सुरुवातीला त्याला आश्चर्य वाटायचं. पुढे तेही वाटेना.

हरतालिकेच्या दिवशी सकाळी त्याला एकच शिक्क्याची चिठ्ठी मिळाली. पत्ता पश्चिमेला रेतीबंदरचा होता. मालू नामा भोईर.

मालूला तो ओळखत होता. नामा असताना ती खाडीची मासळी घेऊन पूर्वेला यायची. ऐश्वर्या लहान असताना हेमा तिच्याकडूनच निवट्या घ्यायची. नामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा यज्ञेश नौदलात लागला, आणि चैत्रात त्याचं जहाज बुडालं. यादीत त्याच्या नावापुढे 'बेपत्ता' लिहिलेलं होतं. खाडीत होड्या घालायला बंदी होती म्हणून मालू घरातला सुका जवळा आणि बोंबील विकून भागवत होती.

दौलत पोचला तेव्हा ती ओटीवर गेरूचा हात फिरवत होती. आत पाटावर गणपतीची जागा केलेली होती.

"आलाव काय भाऊ? कवाधरना वाट बघतंय," ती उठत म्हणाली. "त्यो फोन म्हयना झाला मुका हाय. माजा पोऱ्या तिकरं फोन लावीत आसंल, आनि इकरं ह्यो मुका."

"बघतो," दौलत म्हणाला.

"बसा पयला. चा टाकतंय."

"चहा नको."

"नको कसा? सनाचा दिस हाय." आणि ती चुलीपाशी गेलीसुद्धा.

दौलतने फोनचा डबा उघडला. दोष साधाच होता. खारट हवेने तार गंजून तुटली होती. पाच मिनिटांचं काम. तो तार खरवडत असताना मालू आतून बोलत होती. यंदा मूर्ती लहान आणलीय, माती मिळत नाही. गौर मात्र तेरड्याचीच बसवणार, शेजारच्या बाया येणार, फुगड्या घालणार. यज्ञेशला गौरीच्या नैवेद्याचे वडे फार आवडतात, म्हणून तिने वर्षभर थोडं थोडं तेल बाजूला काढून बाटली भरलीय. बाटली तिने त्याला आणून दाखवली. रेशनचं तेल होतं, पिवळं, गढूळ, काठोकाठ.

"नाय आला तरी त्याच्या नावान दोन वडं काढीन. गौर जाऊ दे, मंग काय व्हायाचा त्यो व्हवं दे," ती म्हणाली.

दौलत त्या बाटलीकडे बघत राहिला. त्याच्या हातात तारेची दोन टोकं होती, जोडायचीच बाकी होती. त्याने ती जोडली नाहीत. डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, "बाई, दोष इथला नाही. खाली जमिनीत केबल तुटलीये. पाच-सहा दिवस लागतील."

"आगो बाय! सनाचा?"

"काय करणार," दौलत म्हणाला. त्याने चहा घेतला. त्या वर्षात शिक्क्याच्या घरी घेतलेला तो पहिलाच चहा.

एक्स्चेंजमध्ये त्याने चिठ्ठीवर 'केबल दोष, सहा दिवस' असं लिहिलं. वल्लरीने त्यावर सही केली. दौलतचा शब्द तपासायचा असतो हे तिच्या मनातही आलं नसतं. घरी जाताना दौलतला बऱ्याच महिन्यांनी काहीतरी जाणवलं. त्याला आनंद म्हणता आला नसता. मुंग्या आलेल्या पायात हळूहळू रक्त उतरावं तसं काहीतरी होतं. पाच दिवस, तो मनात म्हणाला. गौरी जाईपर्यंत तिला राहू दे. कुणी मला पाच दिवस दिले असते तर मी घेतलेच असते ना.

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं. सहाव्या दिवशी सकाळी तो रेतीबंदरला गेला, टोकं जोडली, एक्स्चेंजला कळवलं. आणि नेहमीसारखा निघून न जाता ओटीवर बसून राहिला. पाच दिवस आपण घेतलेत, तर घंटी वाजेल तेव्हा तिथे असणं आपल्याकडे लागतं, असं त्याला वाटत होतं. मालू गावातल्या बायांनी कोणकोणती गाणी म्हटली ते सांगत होती.

अर्ध्या तासाने फोन वाजला. मालूने पदराला हात पुसून उचलला. ती ऐकत राहिली. "हाव," म्हणाली. "हाव, मीच." मग तिच्या हातातला रिसीव्हर खाली लोंबकळला आणि ती भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली.

दौलत उठला. काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, तो नुसता तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"जिता हाय," मालू म्हणाली. "भाऊ, माजा पोऱ्या जिता हाय. धरून नेलाय त्याला."

दौलतने लोंबकळणारा रिसीव्हर उचलून कानाला लावला. पलीकडचा माणूस अजून बोलत होता. तहाची बोलणी सुरू झाली आहेत, कैद्यांच्या याद्या दोन्हीकडून आल्या आहेत. प्रत्येक कैद्याला घरी तीन मिनिटांचा एक फोन करू दिला होता. या नंबरवर परवा, गौरी पूजनाच्या दिवशी, अकरा वाजता फोन यायचा होता. आधी कळवावं म्हणून आम्ही खूप प्रयत्न केला, पण लाईन बंद होती. आता पुन्हा फोनची परवानगी मिळेल असं दिसत नाही. "आपण घरचेच ना? आईंना नीट समजावून सांगा."

"सांगतो," दौलत म्हणाला.

त्याने सांगितलं. फोन यायचा होता आणि केबल तुटली होती म्हणून आला नाही, एवढंच सांगितलं. मालू हसत होती आणि रडत होती. "जाऊं दे फोन," ती म्हणाली. "जिता हाय ना? त्या केबलीचा काय मेला, ती तुटायचीच. तुमी जोरलाव म्हून कलला तरी. नायतर मी वाट बघीत बसलोच आसतो." तिने बळंच त्याच्या पिशवीत सुक्या जवळ्याचा पुडा कोंबला.

पुढे दर महिन्याला तिने एक पुडा पाठवला. कुणी पूर्वेला निघालं की त्याच्या हाती. हेमाने विचारलं, "हे कशाबद्दल?" तर दौलत म्हणाला, "फोन जोडला म्हणून." जवळा त्याच्या घशाखाली उतरायचा नाही. हेमा एकटीच खायची.

मार्गशीर्षात युद्ध संपलं. मंगळवारी दुपारी रेडिओवर सांगितलं. दौलत खांबावर होता. खालून कुणीतरी ओरडलं, "काका, संपलं!" त्याने हातातली तार पिळून पूर्ण केली आणि मग उतरला. रस्त्यावर थोडे लोक जमले होते. कुणीतरी फटाक्याची माळ काढली, ती तीन वर्षं जुनी, दमट, दोन-चार फुसके आवाज करून विझली. एक म्हातारा मोठ्याने रडत होता आणि लोक त्याच्याकडे, हा आता का रडतोय, अशा नजरेने बघत होते. गच्चीवर हेमा भात उपसत होती. दौलतने तिला सांगितलं. ती म्हणाली, "कळलं मला. आज गॅस येणार होता, आलाच नाही."

पौषात यज्ञेश घरी आला. मालूने दौलतला जेवायला बोलावलं. दोनदा त्याने काम आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा तिने एक्स्चेंजमध्ये वल्लरीला फोन करून निरोप ठेवला, तेव्हा तो गेला.

यज्ञेश ओटीवर बसला होता. उंच पोरगा, पण खांद्यांची हाडं सदऱ्यातून वर आलेली. एका कानाने ऐकू येत नव्हतं, म्हणून तो बोलणाऱ्याकडे मान वळवून बघायचा. डोक्यावर केस बोटभरच होते. मालूने दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवलं. कोलंबीचं कालवण होतं. खाडी पुन्हा खुली झाली होती.

"ह्ये कुदले भाऊ," ती यज्ञेशला म्हणाली. "ह्यांनी लाईन जोरली म्हून तुजी खबर आली."

यज्ञेशने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "मी फोन केलेला, काका. लागलाच नाही."

"त्याला सांग ना काय केलास," मालू म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आवं, ह्या पोऱ्यान माजाच बारावा केला!"

यज्ञेश भात कालवत सावकाश बोलला. कॅम्पमधल्या पहारेकऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं की वैशाखात खाडीकाठ सगळा जळून गेला. त्याने विश्वास ठेवला नव्हता. मग त्याची फोनची पाळी आली. एक अधिकारी घड्याळ हातात धरून उभा होता. यज्ञेशने नंबर फिरवला, घंटी जाईना, नुसता एक लांब आवाज येत राहिला. त्याने तीन मिनिटं संपेपर्यंत तो आवाज ऐकला. "मला वाटलं, म्हणजे खरंच. घरच नाहीये तर फोन कुठे वाजणार." बरोबरच्या एकाकडे पातं होतं, त्याने डोकं भादरून दिलं. तेरा दिवस यज्ञेशने अंथरूण घेतलं नाही. "नंतर कुणी म्हणालं घरी सोडतायत, तर मी म्हटलं मला नका सोडू. मी कुठे जाऊ?"

"येडा," मालू म्हणाली. ती अजून हसत होती, पण तिचा हात त्याच्या बोटभर केसांवरून फिरत होता.

दौलतने हातातला घास ताटात ठेवला.

"केबल तुटली नव्हती," तो म्हणाला.

दोघं त्याच्याकडे बघू लागली. यज्ञेशने कान वळवला.

"केबल तुटली नव्हती. पाच मिनिटांचं काम होतं. मी मुद्दाम जोडली नाही." आणि मग त्याने शिक्क्याबद्दल सांगितलं, चाळीस घरांबद्दल सांगितलं, तेलाच्या बाटलीबद्दल सांगितलं. तो एकसुरात सांगत गेला, चिठ्ठीवरचा मजकूर वाचावा तसा. "मला वाटलं तीच बातमी आहे. सण होऊ दे, मग कळू दे, असं वाटलं."

बाहेर होडीला डांबर लावणारे कुणीतरी एकमेकांना हाका मारत होते.

"तुमाला कुनी सांगितला व्हता?" मालू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी सांगितला व्हता? माजी खबर, ती बरी न्हाय तर वंगाल. तुमी कोन तिला दाबून ठेवनारं?"

"कुणी नाही," दौलत म्हणाला.

"माजा पोऱ्या चार म्हयनं आय मेली म्हून बसला व्हता."

"हो."

दौलत उठायला लागला. मालूने हाताने त्याला खाली बसवलं. "भरल्या ताटावरना उठायचा नाय," ती म्हणाली. "जेवा. आनि मंग जा. परत येवाचा नाय." तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला, कालवण ओतलं आणि आत निघून गेली.

दौलत जेवला. कालवण तिखट होतं. यज्ञेशही जेवत होता. मधेच त्याने विचारलं, "तुमच्या घरचं कोण गेलेलं, काका?"

"मुलगी," दौलत म्हणाला. हा शब्द त्याने बऱ्याच दिवसांत उच्चारला नव्हता. उच्चारल्यावर त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. हुंदका नाही, आवाज नाही, नुसतं पाणी. तो तसाच जेवत राहिला, कारण ताट संपवायचं होतं. यज्ञेशने त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या सरकवला आणि दुसरीकडे बघत बसला.

रेतीबंदरहून तो सायकल हातात धरून चालत घरी आला. हेमा खिडकीच्या काचेवरचा काळा कागद ओल्या फडक्याने काढत होती. चिकट डाग काही सुटत नव्हते. तो स्टुलावर बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, चाळीस घरांसकट. हेमाने हात थांबवला नाही. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "एवढं सगळं होत होतं आणि तुम्ही घरी येऊन रोज नुसता भात मागायचात."

"काय सांगणार होतो?"

"मलाही काही सांगायचं असायचं," हेमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चांगली साडी नेसून बाहेर आली. "मी जाऊन येते मालूकडे."

"ती नको म्हणालीये."

"तुम्हाला म्हणालीये. मी तिच्याकडून मासळी घेतलीये पंधरा वर्षं."

ती दुपारी चार वाजता परतली. दोघींचं काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, आणि दौलतने विचारलं नाही. तिचे डोळे सुजलेले होते आणि साडीला चुलीच्या धुराचा वास येत होता. तिने चपला काढल्या, पाय धुतले आणि चहाचं आधण ठेवलं.